स्वच्छ रिपोर्ट

प्रिय ढब्या,

'प्रिय' लिहिताना पेन तीनदा थांबलं. पण आईने आपल्याला पत्र लिहायला शिकवलं तेव्हाच बजावलं होतं, की शिव्या द्यायच्या असल्या तरी सुरुवात रीतीने करावी. म्हणून केली. फोन तू उचलत नाहीस, त्याला आता पाच महिने होतील. बेकरीच्या फोनवर केला तर तुझा भट्टीवरचा माणूस आधी तुझ्या तोंडाकडे बघतो, आणि मग मला सांगतो की मालक बाहेर गेलेत. बघतो हे मला इथे बसून कळतं, कारण तेवढा वेळ तो बिचारा गप्प असतो. सकाळी सहा वाजता बेकरीवाला कुठे बाहेर जातो रे? निदान त्या माणसाला धड खोटं बोलायला तरी शिकव. तुला तर ती विद्या चांगली येते. हे पत्र तू न वाचता फेकणार नाहीस, कारण पाकिटावर तुझ्या लेकीने, खारूताईने, काढलेलं खारीचं चित्र आहे. मी ते मुद्दाम काढून घेतलं तिच्याकडून. एवढा कावेबाजपणा मलाही जमतो, शेवटी बहीण तुझीच आहे.

ती समोरच जमिनीवर पालथी पडून रंगवते आहे. काल तिला आमच्या लॅबमध्ये घेऊन गेले होते. मेणाच्या ठोकळ्यातून कागदाहून पातळ काप निघतो आणि कोमट पाण्यावर तरंगतो, ते बघून तिने मला विचारलं, आत्या, हे दुखतं का त्याला. मी म्हटलं, नाही गं, ज्याचं आहे तो केव्हाच घरी गेला. तिचा एक दात हलतो आहे आणि ती दिवसभर जिभेने तो ढकलत असते. तुझ्याबद्दल रोज बोलते. मी तुझ्याबद्दल काही बोलत नाही, कारण जे बोलावंसं वाटतं ते नऊ वर्षांच्या मुलीपुढे बोलण्यासारखं नाही. ती सुट्टीसाठी आली आहे असं तुझ्या बायकोने तुला सांगितलं आहे. सुट्टी आहे हे खोटं नाही. बाकीचं पुढे लिहिते, आधी मला माझा राग पुरता ओकू दे. तो पोटात ठेवून मलाच आजार व्हायचा.

तीन वर्षांपूर्वी तू वाळायला लागलास. सगळ्या गल्लीत 'ढब्या' म्हणून ओळखला जाणारा माणूस, आणि पट्ट्याला खिळ्याने नवी भोकं पाडत होतास. दिवसातून सहा-सात वेळा धावायचास. बेकरीच्या मागच्या संडासाची कडी तू बदलून घेतलीस, पण डॉक्टर बदलला नाहीस. कोपऱ्यावरच्या डॉक्टरने आधी अमिबा म्हणून गोळ्या दिल्या, मग जंत म्हणून दिल्या, मग गॅस म्हणून दिल्या, आणि गोळ्या संपल्यावर म्हणाला की काळजी फार करता, चार दिवस कुठे तरी जाऊन या. पातळ, तेलकट, पाण्यावर तरंगणारा शौच होणाऱ्या माणसाला हवापालट! तुझी जीभ लालभडक झाली होती, जिने चढताना धाप लागत होती, रक्त निम्म्यावर आलं होतं, आणि तू सगळ्यांना सांगत होतास की भट्टीची धग बाधते. शेवटी मी तुला कान धरून आमच्या हॉस्पिटलात आणलं. शब्दशः कान धरला होता, रिक्षावाला हसला होता.

पोटाच्या डॉक्टरांनी तुला नीट समजावलं होतं. खाल्लेलं अंगी लागत नाही, म्हणजे आतडं अन्न शोषून घेत नाही, आणि त्याची दोन कारणं त्यांना जास्त संभवनीय वाटत होती. एक ट्रॉपिकल स्प्रू. तो बहुधा जंतूंच्या उपद्रवाने होतो, आणि काही महिने जंतूंवरचं औषध आणि जीवनसत्त्वं घेतली की बरा होतो. दुसरं सिलिॲक. त्यात गव्हातल्या चिकट प्रथिनाशी आपल्याच शरीराचं वैर असतं, गहू पोटात गेला की शरीर आपलंच आतडं कुरतडतं, आणि त्यावर औषध एकच, गहू जन्मभर बंद. दोन्हींत आतडं वरवर सारखंच दिसू शकतं. म्हणून एकाच दिवशी रक्त तपासायचं आणि दुर्बीण घालून आतड्याचे बारीक तुकडे काढायचे, आणि तोवर खाणं आहे तसंच ठेवायचं. आहे तसंच, हे ते दोनदा म्हणाले. मी तिथेच उभी होते.

आणि मग मी शहाणी! लॅबबाहेरच्या बाकावर तुला बसवून, पाकिटाच्या पाठीवर चित्र काढून, तुला सगळं पुन्हा शिकवलं. निरोगी आतडं आतून नव्या टॉवेलसारखं असतं, त्यावर लव असते, आणि अन्न शोषून घेते ती ही लव. सिलिॲकमध्ये ती झिजून सपाट होते, जुन्या पायपुसण्यासारखी. पण गहू खाणं थांबवलं की लव हळूहळू परत येते, रक्तात त्या वैराची जी खूण सापडते तीही उतरते, आणि मग तपासणीत धड काही सापडत नाही. तू किती मन लावून ऐकत होतास! किती दिवसांत येते गं परत, असं विचारलंस. मी म्हटलं, माणसागणिक वेगळं, पण काही महिन्यांत फरक दिसायला लागतो. मला वाटलं, वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या भावाला माझ्या कामात रस वाटला. त्या दिवशी मी घरी गाणं गुणगुणत गेले, हे तुला सांगताना आता माझी मलाच चीड येते. दुर्बिणीची तारीख तीन महिन्यांनंतरची मिळाली होती. तुला एवढी मुदत पुरेशी होती.

तुझे तुकडे मीच मेणात बसवले. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. तांदळाच्या कणीएवढे पाच तुकडे. ते मेणात आडवे पडले तर काप तिरका येतो आणि नसलेली झीज दिसते, म्हणून एकेक तुकडा चिमट्याने कडेवर उभा करावा लागतो, मेण थिजायच्या आत. मी श्वास रोखून पाचही उभे केले. रिपोर्ट देणाऱ्या आमच्या डॉक्टर मॅडमनी सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले आणि काचपट्टी पुन्हा पुन्हा सरकवून बघितली. काही ठिकाणी लव आखूड होती, काही ठिकाणी बरी होती. रक्तातली खूण जवळजवळ नव्हतीच. मग त्यांनी तुझा फॉर्म पुढे ओढला आणि मला म्हणाल्या, ही एक जागा रिकामी आहे, रुग्ण गहू खात होता ना? आणि मी हसले, ढब्या. मी म्हटलं, अहो मॅडम, बेकरीवाला आहे तो, पाव नाही खाणार तर काय खाणार! त्या पण हसल्या. मी माझ्या हाताने तिथे 'हो' लिहिलं आणि खाली सही केली. दुसऱ्या कुठल्याही रुग्णाच्या बाबतीत मी फोन करून विचारलं असतं. तुझ्या बाबतीत विचारायची गरज वाटली नाही, कारण तू आपल्या बापाच्या भट्टीवर उभा राहणारा माणूस होतास आणि मला त्याचा अभिमान होता.

रिपोर्टवर स्प्रू असं आलं. तू लॅबमध्ये हातभर लांबीचा वेणीचा पाव घेऊन आलास, सगळ्यांना स्वतः कापून दिलास, आणि पहिला तुकडा स्वतःच तोंडात टाकलास, डोळे मिटून. तीन महिन्यांनी पाव गिळणाऱ्या माणसाचा चेहरा कसा असतो, ते मी तेव्हा समोर पाहिलं आणि मला ओळखू आलं नाही. मॅडमनी दोन तुकडे खाल्ले. तू आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांत पीठ फेकलंस, आणि आम्ही वर तुझे आभार मानले.

पुढचं तुला माहीत आहे, तरी पुन्हा लिहिते. गोळ्यांनी महिना-दोन महिने बरं वाटलं. खरं तर गोळ्यांनी नव्हे, आधी आतड्याला मिळालेल्या आरामाने असेल. मग पुन्हा सगळं सुरू. डॉक्टरांनी गोळ्यांचा दुसरा फेरा दिला, वजन पुन्हा उतरलं, तू पुन्हा सांगायला लागलास की स्प्रू चिवट असतो. मी पण चारचौघांत तेच सांगत होते. आणि मग रिकाम्या साच्यांचा ट्रे उचलताना तुझं मनगट मोडलं. रिकाम्या! जो ट्रे तू चौदाव्या वर्षापासून भरलेला उचलतोस. हाडांचे डॉक्टर म्हणाले, वय चाळीस आणि हाडं सत्तरीची. तुला प्लास्टर घालत होते तेव्हा तुझी बायको माझ्याशेजारी बाकावर बसली होती. काही तरी बोलायचं म्हणून ती मला सांगत होती, की दुर्बिणीच्या आधीही असेच वाईट दिवस होते, ह्यांच्या तोंडात फोड आले होते, पोळी सोडून नुसत्या भातावर होते, पाव चावून चव घ्यायचे आणि भट्टीमागच्या डब्यात थुंकायचे, तीन महिने तो डबा मी धूत होते. ती हे सहज सांगत होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, ताई, तुम्हाला काय होतंय.

होय, दुसऱ्या दिवशी मी बेकरीत येऊन तमाशा केला. गिऱ्हाइकं पिशव्या धरून उभी होती आणि मी गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात ओरडले, की या माणसाने तीन महिने पाव थुंकला, रिपोर्ट स्वच्छ यावा म्हणून, बेकरी सोडावी लागू नये म्हणून! मला त्याची लाज वाटत नव्हती. तुला वाटायला हवी होती. तू काय केलंस, तर समोरच्या ताटातला पाव उचलून सगळ्यांदेखत कचाकचा खाल्लास आणि म्हणालास, भट्टी माझी, पोट माझं, तू जा आणि तुझ्या काचपट्ट्या सांभाळ. तेव्हापासून म्हणे तू रोज काउंटरवर उभा राहून पाव खातोस, तुला काही झालेलं नाही हे दाखवायला. कुणाला दाखवतोस? तुझ्या आतड्याला दिसतं का ते?

आणि बाबांचं काय? तेही शेवटची दोन वर्षं असेच वाळले. भट्टीपुढे उभं राहून स्वेटर घालायचे, आठवतं? लोक म्हणाले आईच्या मागे खचले. त्यांना काय झालं होतं हे मी सांगू शकत नाही, त्यांचा तुकडा कुणी काढलाच नाही, माझ्याकडे त्यांची काचपट्टी नाही. पण मला संशय आहे, आणि तो संशय घेऊन मी रोज कामाला जाते. हे घराण्यात उतरतं, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं तुला. तेव्हाही तू मान हलवली होतीस.

तू असं का केलंस हे मला कळत नाही असं समजू नकोस. त्या बेकरीत हवेतच पीठ आहे. पापण्यांवर बसतं, श्वासाबरोबर घशात जातं. 'सिलिॲक' हा एक शब्द कागदावर आला असता तर तुला नुसता पाव नाही, ती खोली सोडावी लागली असती, आणि तुला दुसरं काही येत नाही, आणि जे येतं ते तुझ्यासारखं कुणाला येत नाही. घाबरला होतास. मला सांगितलं असतंस की ताई, मी घाबरलोय, तर मी तुझ्या शेजारी बसून रडले असते. पण तू मला वापरलंस. माझी विद्या घेतलीस आणि माझ्याच सहीने खोटं लिहून घेतलंस. हे मी विसरणार नाही. माफ करेन कदाचित, विसरणार नाही.

आता खारूताईचं. दर वर्षी शाळा सुरू होताना तू तिला कोठीच्या दाराला टेकवून उभी करतोस आणि डोक्यावर पेन्सिलीने रेघ मारतोस. गेल्या दोन वर्षांच्या रेघा एकमेकींना चिकटल्या आहेत. तुझ्या बायकोने दाखवल्या तर तू म्हणालास, बाबांच्या वळणावर गेली आहे, बारीकच राहणार. पेन्सिलीची जाडी वजा केली तर तुझी मुलगी दोन वर्षांत वाढलेलीच नाही. तिचं पोट फुगतं, दंड काटकुळे आहेत, दुपारी वर्गात झोपते म्हणून शाळेतून चिठ्ठी आली होती, ती तुझ्या बायकोने तुझ्यापासून लपवली. तुझ्या घरात सगळेच आता लपवायला शिकले आहेत. म्हणून आम्ही दोघींनी मिळून तिला इथे आणलं. तिच्या रक्तात खूण आहे. फार जास्त नाही, म्हणून मुलांच्या डॉक्टरीणबाईंना आतड्याचा तुकडा बघितल्याशिवाय कायमचा शिक्का मारायचा नाही. महिन्याभरानंतरची तारीख दिली आणि तिला समोर बसवून सांगितलं, तोवर रोज दोन स्लाइस पाव खायचा, नाही तर आम्हाला काही दिसणार नाही. तिने शहाण्यासारखी मान हलवली. तुझीच मान ती. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

माझ्याकडे पोळी नसते, भातच असतो, म्हणून रोज सकाळी मी तिला दोन स्लाइस देत होते आणि रिकामी बशी बघून खूश होत होते. आज सकाळी पाऊस आला म्हणून तिचे गमबूट काढले. पाय आत जाईना. उलटे केले, तर पावाचे तुकडे पडले. वाळलेले, बुरशी आलेले, कागदी रुमालात गुंडाळून टाचेपर्यंत ठासलेले. मी मोजले, तीन आठवड्यांचे सगळे होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, मी तिच्यावर हात उगारला. मारलं नाही. ती भिंतीला चिकटून उभी राहिली आणि मान खाली घालून म्हणाली, आत्या, रिपोर्ट स्वच्छ आला की बाबांची बेकरी बंद नाही होणार. बाबांनी पण असंच केलं होतं ना, तूच तर ओरडून सांगत होतीस. त्या दिवशी ती जिन्यावर बसली होती, पिठाच्या पोत्यांमागे. तुझं तिने ऐकलं आणि माझंही. तू माझ्याकडून शिकलास, आणि ती माझ्या ओरडण्यातून शिकली. आता सांग, मी कुणावर रागवू?

तिची तारीख मी सहा आठवडे पुढे ढकलली आहे. तेवढे दिवस तिला खरोखर पाव खावा लागेल. तिचं पोट दुखेल, आणि तरी खावा लागेल. माझं ती ऐकणार नाही. मी बेकरीची शत्रू आहे. तुझं ऐकेल. म्हणून हे पत्र लिहिलं. तू ये. बेकरी भट्टीवरच्या माणसाकडे सोपव आणि ये. तिच्यासमोर टेबलाशी बस, पाव तोंडात घाल, आणि तिला दिसेल असा गीळ. तिला तुझ्या तोंडाने सांग की बेकरीचं काय करायचं ते बाबा बघतील, तिने पोटाशी खोटं बोलायचं नाही. मग दोघांची दुर्बीण एकाच दिवशी करू. तुमचे तुकडे मी शेजारी शेजारी उभे करीन, आणि फॉर्मवरच्या त्या रिकाम्या जागेत या वेळी तू स्वतः लिहायचंस. येताना पाव तुझ्या भट्टीतला आण. इथला तिला आवडत नाही म्हणते, आणि तेवढं ती खरं बोलते आहे.

तुझीच, अजून रागावलेली,
ताई